आधी रोखा, मग ओळखा

गावाकडे हातातल्या विजेच्या दिव्याला आम्ही बॅटरी म्हणायचो. शब्द चुकीचा, पण वस्तू गरीब स्वभावाची, त्यामुळे कोणी हरकत घेतली नाही. रात्री कुत्री भुंकायला लागली की आजोबा तीन सेलची बॅटरी घेऊन ओसरीवर यायचे, अंधारात झोत टाकायचे आणि विचारायचे, "कोण हाय रं?" पलीकडून उत्तर यायचं, "म्या हाय आबा, म्हस सुटलीया." लगेच झोत त्याच्या तोंडावरून पायांकडे उतरायचा. माणसाच्या डोळ्यांत उजेड मारणं बरं दिसत नाही, असा तेव्हा समज होता. मग दोघं मिळून म्हैस शोधायचे.

या पद्धतीत एक ढळढळीत उणीव होती. उजेड आणि बंदूक या दोन गोष्टी वेगवेगळ्या ठेवल्या जात. (आमच्याकडे तर बंदूक नव्हतीच, त्यामुळे उणीव दुप्पट.) ती भरून निघालेली पाहण्याचं भाग्य मला अडुसष्टाव्या वर्षी लाभलं, टेक्सासात प्लेनो गावी लेकीकडे सहा महिने राहायला गेलो तेव्हा.

मे महिन्यातली रात्र. वादळ झालं, वीज कडाडली आणि आमच्या एकट्या घराचे दिवे गेले. जावईबापू कामानिमित्त परगावी. तिकडे मेन स्विचचा डबा घराच्या बाहेरच्या भिंतीवर असतो. लेक आणि मी मोबाइलच्या उजेडात तो चाचपत होतो, तेवढ्यात हिरवळीच्या पलीकडून इतका पांढरा झोत आला की भिंतीवरची माझी सावली पाहून मीच दचकलो. "सगळं ठीक आहे ना?" शेजारी मायेनं विचारत होते. विमा कंपनीतून निवृत्त झालेले, सत्तरीचे, दिवाळीला आमच्या चकल्या आवडीनं खाणारे गृहस्थ. मी डोळ्यांवर हात धरला आणि बोटांच्या फटीतून पाहिलं, तेव्हा लक्षात आलं की दिव्याच्या वर पिस्तूल आहे. किंवा पिस्तुलाखाली दिवा आहे. हा फरक पुढे उभ्या असलेल्या माणसाला तेवढासा जाणवत नाही.

त्यांनी मनापासून दिलगिरी व्यक्त केली. साध्या बॅटरीतले सेल नाताळातच गळले होते, नवे आणायचे राहून गेले. घरात चालू स्थितीतली बॅटरी ही एकच. तिच्या सेलकडे मात्र ते दर महिन्याला न चुकता लक्ष देतात. मग त्यांनी आम्हाला डब्यावर उजेड धरला. लेक डब्याच्या उजव्या बाजूला उभी होती, म्हणून त्यांनी सौजन्यानं नळी जरा डावीकडे ठेवली. खटका वर केला, दिवे आले. त्या उपकरणानं त्या रात्री एका कुटुंबाचा फ्रिज वाचवला, हे टीकाकारांनी विसरू नये.

ही सोय आपोआप झालेली नाही. तिच्यामागे प्रमाणीकरणाचे कष्ट आहेत. न्यू जर्सी राज्यात पिकॅटिनी नावाचं लष्करी शस्त्रागार आहे, त्याच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या दातेरी पट्टीचं माप अमेरिकी लष्करानं १९९५ साली ठरवून दिलं. खाचेची रुंदी ५.२३ मिलिमीटर, दोन खाचांमधलं अंतर १०.०१ मिलिमीटर. पट्टीवर कोणत्याही कंपनीची दुर्बीण बसते, दिवा बसतो, लेझर बसतो, पुढची मूठ बसते. आमच्या घरात अजून गीझरच्या बोर्डात मिक्सरची पिन बसत नाही. प्रगत राष्ट्र कशाला म्हणायचं, हे या एका पट्टीवरून कळावं. आणि हे लष्करापुरतं राहिलं नाही, ते घराघरांत उशाशी पोचलं. आपल्याकडे स्कूटर घेतली की लेगगार्ड आणि सीटकव्हर घ्यावंच लागतं, तसंच हे. 'स्मॉल आर्म्स सर्व्हे' या संस्थेच्या २०१८ मधल्या अंदाजानुसार अमेरिकेत नागरिकांकडे सुमारे ३९ कोटी ३० लाख बंदुका आहेत, म्हणजे माणसांपेक्षा जास्त. एवढ्या लेकरांच्या अंगावर काही घालायला नको?

दिव्याची खरी थोरवी मात्र तात्त्विक आहे. बंदूक शिकवणारे पहिल्याच दिवशी काही नियम घोकून घेतात. त्यातला एक असा, की ज्याला इजा करायची नाही त्याच्यावर नळी रोखू नये. दुसरा असा, की समोर कोण आहे आणि त्याच्या मागे काय आहे याची खात्री केल्याशिवाय गोळी झाडू नये. अंधारात या दोन नियमांचं कधी पटलं नाही. नळीवरच्या दिव्यानं त्यांचं लग्न लावून दिलं. आता समोर कोण आहे याची खात्री करायची, तर त्याच्यावर नळी रोखावीच लागते. तुमचा मुलगा रात्री दोन वाजता पाणी प्यायला उठला असेल, तर तो तुमचा मुलगाच आहे हे तुम्हाला अगदी स्वच्छ दिसेल. एक हजार ल्युमेन म्हणजे साठ वॅटच्या जुन्या पिवळ्या दिव्याहूनही जास्त उजेड, आणि तो सगळा एकाच दिशेला. त्या प्रकाशात पोराच्या नाकावरचा तीळही सुटणार नाही. त्याला मात्र तुम्ही दिसणार नाही. बापाचा नुसता धाक दिसेल.

खोलीच्या भिंती पांढऱ्या असतील तर तोच झोत उलटून आपल्याच डोळ्यांवर येतो आणि क्षणभर काही दिसत नाही, अशी एक बारीक कुरकुर ऐकू येते. त्यावर उपाय सोपा आहे. भिंतींना गडद रंग द्यावा.

उजेड असूनही काम बिघडलं, अशी उदाहरणं काही जण फेकतात. १३ एप्रिल २०२३ च्या रात्री मिसुरी राज्यातल्या कॅन्सस सिटीत सोळा वर्षांचा एक मुलगा धाकट्या भावांना आणायला गेला आणि चुकीच्या घराची घंटा वाजवून उभा राहिला. काचेच्या दाराआडून चौऱ्याऐंशी वर्षांच्या घरमालकानं त्याला गोळ्या घातल्या. मुलगा वाचला. या प्रकरणी पुष्कळांनी बंदुकीला नावं ठेवली, पण शांतपणे पाहिलं तर दोष नगररचनाकारांचा आहे. तिथे एक रस्ता '११५ वी स्ट्रीट' आहे आणि त्याच्या शेजारी '११५ वं टेरेस'. अशी सारखी नावं ठेवली तर पत्ता चुकणारच, आणि पत्ता चुकला की पुढचं सगळं ओघानं येतं. आपल्याकडे एका पेठेत तीन गणपतीच्या बोळी असतात आणि चुकीच्या दारात घंटा वाजवणाऱ्याला फार तर "इथे कोणी राहत नाही" असं ऐकावं लागतं. ही आपली ढिलाई आहे.

दिव्याचं बटण कुठे असावं, यावरही खोल विचार झालेला आहे. एका प्रकारच्या पिस्तुलांत ते चापाच्या कड्याखाली मुठीवर बसवलेलं असतं. तर्जनी चापासाठी, मधलं बोट दिव्यासाठी. कागदावर ही वाटणी निर्दोष आहे. फक्त बोटं भावकीसारखी असतात. एरवी एकमेकांशी संबंध ठेवत नाहीत, पण आवळायची वेळ आली की सगळी एकदम आवळतात. २०१० साली एका निःशस्त्र तरुणाला पकडायला गेलेल्या पोलीस अधिकाऱ्यानं त्याला गोळी घातली आणि नंतर सांगितलं की मला दिव्याचं बटण दाबायचं होतं. तरुण गेला. हे घडलं त्याच प्लेनो गावात, जिथे मी रोज सकाळी फिरायला जात असे. दोन वस्तू एकाच मुठीत आणल्या की वेळ वाचतो, हे तत्त्व यातूनही सिद्धच होतं.

लेझरबद्दल थोडक्यात. १९८४ सालच्या 'टर्मिनेटर' चित्रपटात श्वार्झनेगर यांच्या पिस्तुलावर जो लांबलचक लाल किरण होता, त्याला लागणारी वीज पिस्तुलात मावत नसे, म्हणून वायर त्यांच्या बाहीतून जाकिटात नेली होती. यंत्रमानवालाही जे जमायला जड गेलं, ते आज चिमुकल्या सेलवर कोणाही आजोबांना जमतं. विकणारे सांगतात, छातीवर ठिपका पडला की चोर पळूनच जातो. चोराचं ठाऊक नाही. शेजाऱ्यांनी मला दिवाणखान्यात तो ठिपका भिंतीवर पाडून दाखवला, तेव्हा त्यांची मांजर तीन वेळा भिंतीवर धडकली. ठिपका बराच थरथरत होता. त्यावरून हाताचा कंप डॉक्टरांआधी कळतो, हा आरोग्याचा फायदा जाहिरातीत का लिहीत नाहीत कोण जाणे. मॅगझिन काढून ठेवलं आहे, असं ते मांजरीला सांगत होते.

पण या जोडवस्तूंचा सगळ्यात हृद्य पैलू म्हणजे करुणा. बंदुकीच्या दस्त्याच्या जागी बसवायचं 'बंप स्टॉक' नावाचं एक साधन होतं. गोळीच्या धक्क्यानं बंदूक मागेपुढे सरकते आणि जागच्या जागी ठेवलेल्या बोटावर चाप पुन्हापुन्हा आपटतो, एवढीच करामत. २०१० साली अमेरिकेच्या शस्त्रनियंत्रण खात्यानं त्याला हरकत नाही असं पत्र दिलं, त्यात नोंद होती की ज्यांच्या हातांची हालचाल मर्यादित आहे अशांच्या मदतीसाठी हे आहे. १ ऑक्टोबर २०१७ ला लास व्हेगासमध्ये हॉटेलच्या खिडकीतून संगीताच्या मेळाव्यावर एका माणसानं दहा-अकरा मिनिटांत हजाराहून अधिक गोळ्या झाडल्या, तेव्हा त्याच्याकडे ही साधनं होती. मृतांची संख्या पुढे ६० वर गेली. त्याच्या हातांची हालचाल मर्यादित असल्याचं कोणी म्हटलेलं नाही. सरकारनं मग बंदी घातली, आणि १४ जून २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सहा विरुद्ध तीन मतांनी ती उठवली. न्यायमूर्ती थॉमस यांच्या निकालपत्रात चापाच्या यंत्रणेच्या आकृत्याही आहेत. दर गोळीला चाप वेगळा हलतो, तेव्हा ही मशीनगन नव्हे. गोळ्या भरभर जातात हे खरं, पण रेशनच्या रांगेसारख्या, रीतसर, एकामागून एक.

तीच गोष्ट पिस्तुलाच्या 'ब्रेस'ची. अपंग माजी सैनिकाला एका हातानं जड पिस्तूल पेलता यावं म्हणून कोपराखाली बांधायचा पट्टा, अशी तिची २०१२ मधली सुरुवात. लोकांनी तो खांद्याला लावून पाहिला आणि तोही आरामशीर निघाला. खांद्याला लावलं तर ते पिस्तूल न राहता आखूड रायफल होतं, असं खात्यानं २०१५ साली कळवलं आणि २०१७ साली, तसं काही नाही, असंही कळवलं. पिस्तूल तेच, खांदा तोच. इतकी लवचीकता आपल्या तलाठी कार्यालयातही आढळत नाही.

सायलेन्सरची कथा तर घरगुती आहे. मशीनगनचा शोध लावणारे हायरम मॅक्सिम तिच्या आवाजानं उतारवयात ठार बहिरे झाले. त्यांच्या चिरंजीवांनी १९०९ साली बंदुकीच्या सायलेन्सरचं पेटंट घेतलं. १९३४ च्या कायद्यानं त्यावर २०० डॉलर कर बसवला, तो १ जानेवारी २०२६ पासून शून्य झाला. त्याआधी याच हेतूनं जे विधेयक मांडलं गेलं, त्याचं नाव 'श्रवण संरक्षण कायदा'. बंदुकीच्या मागे उभ्या असलेल्या माणसाच्या कानांची इतकी काळजी इतर कोणत्या विधिमंडळानं वाहिल्याचं आठवत नाही. समोरच्याच्या कानांचा विचार त्यात नाही, पण त्याला तो प्रश्न फार काळ भेडसावत नाही.

आपण या बाबतीत किती मागे आहोत, हे सांगायला संकोच वाटतो. आपल्याकडे परवाना मागणाऱ्याला बंदूक कशाला हवी, असं तोंडावर विचारतात. २०१९ च्या दुरुस्तीनं तर एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवल्या, आणि वरातीत आनंदानं बार काढला तर दोन वर्षांपर्यंत कैद. निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात, म्हणजे नेमकी गरज भासते तेव्हा. टेक्सासात १ सप्टेंबर २०२१ पासून एकवीस वर्षांवरच्या बहुतेक नागरिकांना परवान्याशिवाय पिस्तूल जवळ बाळगून हिंडता येतं. आमच्या शेजाऱ्यांना त्या रात्री हिरवळ ओलांडायला कोणाला विचारावं लागलं नाही.

मला पहाटे पाचला फिरायला जायची सवय. डोक्याला माकडटोपी, अंगावर खाकी शाल. लेकीनं आठवडाभर काही म्हटलं नाही, मग एक दिवस पिवळंधमक जाकीट आणून दिलं, छातीवर आणि पाठीवर चकचकीत पट्टे असलेलं, रस्त्यावरचे कामगार घालतात तसं. शेजाऱ्यांना ते फार आवडलं. उजेड पडला की माणूस लांबूनही स्पष्ट दिसतो, म्हणाले. दुसऱ्याच पहाटे मी कोपऱ्यापर्यंत गेलो असेन, तेव्हा त्यांनी अंगणातून खात्री करून घेतली.