अंगठ्यांचा आहेर

माणसाची पत चारचौघांच्या बोलण्यातून कळते, ही रीत अमेरिकेतल्या काही हुशार मंडळींना फार मोघम वाटली. म्हणून २००८ साली ‘क्लाउट’ नावाची सेवा निघाली आणि तिने माणसांना एक ते शंभरात गुण द्यायला घेतले. ट्विटर-फेसबुकवर तुमचं कोण ऐकतं, तुमचं बोलणं कोण पुढे पाठवतं, त्यावरून गुण. गायक जस्टिन बीबरला शंभरपैकी शंभर पडले आणि तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष ओबामा मागे राहिले. एवढ्यावर हसून विषय संपवायला हरकत नव्हती. पण ऑक्टोबर २०११मध्ये कंपनीने हिशेबाची पद्धत बदलली, अनेकांचे गुण धाडकन उतरले आणि चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांनी बोंब ठोकली. कुणाची नोकरी गेली नव्हती, कुणाशी मित्रांनी बोलणं टाकलं नव्हतं. तरी आपलं वजन घटलं, हे त्यांना पटलं होतं.

मे २०१८मध्ये क्लाउट बंद झालं. हुश्श म्हणावं, तोच सप्टेंबरात मध्य प्रदेश काँग्रेसचं फर्मान निघालं: विधानसभेचं तिकीट हवं तर फेसबुक पेजवर १५ हजार लाइक आणि ट्विटरवर ५ हजार फॉलोअर दाखवा. थोड्याच दिवसांत ते मागे घेतलं गेलं. मतदार दाबतो ते बटण वेगळं, हे कुणाच्या तरी ध्यानात आलं असावं.

पुढाऱ्यांना हसणं सोपं आहे. आमच्या मावशी स्टेटसला गौरीची आरास टाकतात आणि दर दहा मिनिटांनी कुणी पाहिलं त्याची यादी तपासतात. “वन्संनी पाहिलंय. सव्वानऊलाच. पण ‘छान’ म्हणायला तोंड दुखलं!” पूर्वी वन्संचं मौन ऐकायचं तर त्यांना हळदीकुंकवाला बोलवावं लागे, वर डाळ-पन्हं द्यावं लागे. आता अपमान घरपोच येतो, तोही वेळेच्या नोंदीसह.

लाइक म्हणजे हल्लीचा आहेर. त्यांच्या बंटीच्या दहावीच्या पेढ्यांना आपण लाल बदाम दिला होता. आपल्या चिऊच्या अरंगेत्रमला त्यांच्याकडून नुसता अंगठा. वही कुणी लिहीत नाही, पण हिशेब सगळ्यांना तोंडपाठ.

ज्यांनी हे दुकान मांडलं तेही सुटले नाहीत. फेसबुकचं लाइक बटण २००९मध्ये आलं. ते घडवणाऱ्यांत लिया पर्लमन होत्या. पुढे त्या व्यंगचित्रं काढू लागल्या, त्यांना मिळणारे लाइक आटले, तेव्हा त्यांनी फेसबुकलाच पैसे मोजून जाहिराती केल्या.

२०२१मध्ये इन्स्टाग्रामला दया आली. लाइकचा आकडा झाकायची मुभा मिळाली, मात्र झाकायचा की नाही ते ज्याचं त्याने ठरवायचं. झाली पंचाईत! लाखभर लाइकवाला कशाला झाकेल? आणि सात लाइकवाल्याने झाकले, की बघणारा म्हणणार, “झाकलेत ना, मग सातच असतील.” आकडा दाखवा नाहीतर लपवा, जीव टांगणीलाच. आणि टांगलेला जीव दर दहा मिनिटांनी ॲप उघडतो, हे कंपनीला पुरेपूर ठाऊक असतं.

मावशींनी मात्र तोडगा काढलाय. वन्संचं स्टेटस त्या आता उघडतच नाहीत. “बसू देत मोजत,” म्हणतात, “एक कमी भरेल.”