एंड टास्क

जालना जिल्ह्यात अंबड, परतूर, भोकरदन, कुठेही जा. तहसीलच्या आसपासच्या ऑनलाइन सेंटरवर हा गृहस्थ बसलेला असतोच. पाळण्यातलं नाव काहीही असो, गाव त्याला ‘भाऊ’ म्हणतं. समोर उन्हातून आलेली माणसं, मांडीवर कागदांच्या पिशव्या, आणि भाऊच्या डाव्या हाताचं बोट कायम कंट्रोलवर.

एखादी खिडकी पाच सेकंद गप्प राहिली की विंडोज तिच्या नावापुढे ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ लिहितं. भाऊला पाच सेकंद म्हणजे चैन वाटते. चक्र फिरायला लागलं की तो मान वर न करता विचारतो, “काका, हे काही बोलंना झालंय. उडवू का?”

“मपला अर्ज उडंल का रं?”

“अर्ज कशाचा उडतो! ब्राउझर उडतो.”

कंट्रोल, शिफ्ट, एस्केप. टास्क मॅनेजरची यादी उघडते, भाऊ एका नावावर बोट रोखतो आणि एंड टास्क. मग, “हां, मावशी, आधार नंबर सांगा परत.” तिसऱ्या खेपेला मावशींना बारा आकडे तोंडपाठ झालेले असतात. ओटीपी मात्र वाळूजला कंपनीत असलेल्या पोराच्या मोबाइलवर जातो, आणि पोरगं फर्स्ट शिफ्टला.

भाऊच्या या बटणांची थोरली बहीण, कंट्रोल-ऑल्ट-डिलीट ही तिकडी, आयबीएमच्या डेव्हिड ब्रॅडली यांनी कंपनीच्या पहिल्या पीसीसाठी बसवली. तो पीसी बाजारात आला ऑगस्ट १९८१ मध्ये. जालना जिल्हा झाला त्याच वर्षी १ मे रोजी. हा योगायोग आहे, हे भाऊला पटत नाही. त्या काळी ही तीन बटणं दाबली की अख्खं मशीन नव्याने सुरू व्हायचं. यादीतून एकेकाला वेचून उडवणारा टास्क मॅनेजर विंडोज एनटी ४ मध्ये, १९९६ साली आला. भाऊच्या लेखी तीच खरी प्रगती.

शाई संपत आल्याचं सांगणारा प्रिंटर, मुदत संपलेला अँटिव्हायरस, अपडेटची आर्जवं करणारा चौकोन, सगळे त्याने उडवलेत. एकदा तावातावात विंडोज एक्सप्लोररच उडवला. खालची पट्टी गेली, चिन्हं गेली, नुसता पडद्यावरचा गणपती उरला. लोकांनी हात जोडले. भाऊने शांतपणे ‘रन न्यू टास्क’मध्ये ‘एक्सप्लोरर’ टाइप केलं आणि सृष्टी परत आणली. त्या दिवसापासून त्याचा भाव वाढला.

गोम अशी की ब्राउझर बिचारा बहुतेक वेळा निर्दोष असतो. तो पलीकडच्या सर्व्हरच्या उत्तराची वाट पाहत ताटकळलेला असतो. पण सर्व्हर टास्क मॅनेजरच्या यादीत येत नाही. आला असता तर भाऊने तो कधीच निकालात काढला असता. जे हाताशी सापडतं, त्याच्यावर राग निघतो.

शेवटच्या तारखेला तर कहर. काकांचा अर्ज भरला, भाऊने ‘सबमिट’ दाबलं, चक्र फिरलं, भाऊचं बोट शिवशिवलं. एंड टास्क! नव्याने लॉगिन केलं तर पडद्यावर लाल अक्षरं: या क्रमांकावर अर्ज आधीच भरलेला आहे. म्हणजे सर्व्हरने अर्ज घेतला होता. पावती देईपर्यंत इकडे घेणाराच मारला गेला.

“मंग पावती?” काका.

“मिळंल ना. उद्या सकाळी या, सर्व्हर मोकळा असतो.”

“आन् आजचे पैसे?”

भाऊने पहिल्यांदाच मान वर केली. “ते अर्जाचे होते काका. पावतीचे येगळे.”