विडंबन आहे, काका!

डोंबिवली ही सुसंस्कृतांची नगरी आहे. हे डोंबिवलीकर स्वतःच सगळ्यांना सांगत असल्यामुळे त्याबद्दल वाद संभवत नाही. गुढीपाडव्याला इथे स्वागतयात्रा निघते, आणि दिवाळीच्या पहाटे नवे कुर्ते घालून अख्खं गाव फडके रोडवर एकमेकांना बघायला जमतं. अशा गावात ज्याला चावट गोष्टी आवडतात त्याची फार पंचाईत होते. इतर गावांतला माणूस चावट काही दिसलं की हसतो आणि मोकळा होतो. डोंबिवलीकराला हसायच्या आधी समर्थन तयार ठेवावं लागतं. या गरजेपोटी जी जमात निपजली तिला विडंबनशास्त्री म्हणतात. तिचे तुरळक नमुने ठाण्यात नौपाड्याला आणि कल्याणात पारनाक्याकडेही सापडतात. पण अस्सल पीक डोंबिवलीचंच.

शास्त्री ओळखायला सोपा. सॅक पुढे, फोन छातीशी, एक इअरफोन कानात आणि दुसरा लोंबता, कारण मागून कोण येतंय हे कळलं पाहिजे. टी-शर्टवर एक अजस्र यंत्रमानव. घरी कपडे धुणाऱ्या मावशी त्याला ट्रॅक्टरची जाहिरात समजतात. शोकेसमध्ये आईला भिशीत मिळालेल्या काचेच्या बदकांशेजारी ‘गंडम’ या जपानी कार्टूनमधल्या यंत्रमानवाचं प्लॅस्टिकचं मॉडेल उभं असतं. त्याचे तुकडे सांगाड्यातून सोडवायला खास कटर लागतो. शास्त्रीने ते काम वडिलांच्या नेलकटरने केलेलं असल्यामुळे गंडमच्या खांद्याला चावे दिसतात आणि वडिलांची नखं मात्र वाढलेली असतात.

आमच्या लोकलच्या डब्यात असा एक शास्त्री होता. २०१४ साली तो इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होता आणि त्याचं आराध्यदैवत होतं ‘दाइमिदालर’. बारा भागांची ही जपानी कार्टून मालिका त्याच वर्षी एप्रिल ते जूनमध्ये आली. तिच्यातला अवाढव्य यंत्रमानव पेट्रोलवर चालत नाही, अणुशक्तीवरही चालत नाही. तो नायकाच्या चावटपणावर चालतो. नायक जितका वाह्यात, तितकी यंत्रात ताकद जास्त. त्यामुळे जगाच्या रक्षणासाठी त्याला कॉकपिटमध्ये शेजारी बसलेल्या नायिकेशी जे वागावं लागतं, ते या अंकात छापता येणार नाही. शत्रू म्हणजे पेंग्विनांचं साम्राज्य. सैनिक पेंग्विनचा पोशाख केलेले पुरुष, आणि पेंग्विनला शेपटी जिथे असते त्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला यांची शेपटी. जगाला वाचवणारी गुप्त संघटना बाहेरच्या जगाला ब्यूटी पार्लर म्हणून माहीत. शिवाय अर्ध्यावर नायक-नायिकेची जोडीच बदलते. हे सगळं तो अभ्यास म्हणून पाहायचा.

“चावट आहे रे,” असं कोणी म्हटलं की शास्त्री चष्मा वर सारायचा. “चावट दिसतंय. विडंबन आहे.” मग पुढचं प्रवचन ठाण्यापर्यंत पुरायचं. १९७२ साली ‘माझिंगर झेड’ने अवाढव्य यंत्रमानवांच्या मालिकांचा हा संप्रदाय स्थापन केला. शास्त्रज्ञ आजोबा प्रचंड यंत्र बांधतात, नातू आपलं छोटं विमान त्याच्या डोक्यात नेऊन बसवतो, दर आठवड्याला नवा यांत्रिक राक्षस गावावर चालून येतो, आणि कुठलंही हत्यार सोडण्याआधी त्याचं नाव बोंबलून सांगावं लागतं. १९७९ साली ‘गंडम’ आला. त्याने यंत्रमानवाला युद्धातलं साधं हत्यार करून टाकलं. खेळणी खपेनात म्हणून बावन्न भागांची मालिका त्रेचाळिसाव्या भागात गुंडाळली. पुढच्या वर्षी बांडाई कंपनीने जुळवायची मॉडेलं काढली आणि त्यावर पंथ तरला. १९९५च्या ‘इव्हँजेलियन’मध्ये तर पोराला यंत्रात बसायचंच नाही. तिथून यंत्रमानवालाही नैराश्य आलं. “एवढं सोवळं झाल्यावर,” शास्त्री बोट वर करून म्हणायचा, “ते कोणीतरी मोडायलाच हवं ना?”

मुद्दा चोख होता. त्याच्याकडे याहून मोठा पुरावाही होता, आणि तो त्याने राखून ठेवलेला असे. ‘माझिंगर’चे जनक गो नागाई. त्यांनी त्याच्या चार वर्षं आधी, १९६८ साली, ‘हारेन्ची गाकुएन’ नावाची शाळेवरची चित्रकथा सुरू केली होती. ती इतकी वात्रट, की जपानभरच्या पालकांनी तिच्याविरुद्ध आघाडी उघडली. खुद्द ‘माझिंगर’मध्ये अॅफ्रोडाय-ए नावाची यंत्रमानवी आहे, आणि तिची क्षेपणास्त्रं छातीतून सुटतात. म्हणजे विडंबनकारांनी देव्हारा बाटवला हे खरं नाही. देव्हाऱ्यातच मुळात वात्रटपणा होता. एवढं हुकमाचं पान हातात असलेला माणूस आनंदी हवा. शास्त्रीच्या चेहऱ्यावर मात्र तोंडी परीक्षेला बसल्याचा ताण.

याचं मूळ बालपणात आहे. शास्त्रीची मुंज जपानी कार्टूनमधल्या शिनचॅनच्या हस्ते झाली. २००६ साली हंगामा वाहिनीवर तो हिंदी बोलू लागला आणि डोंबिवलीतल्या आयांच्या पोटात गोळा आला. पाच वर्षांचं कार्टं आईला वजनावरून बोलतं, चड्डी काढून नाचतं, रस्त्यातल्या मुलींची चौकशी करतं. त्याचा लाडका टीव्ही-हिरो म्हणजे कांटाम रोबो, यंत्रमानवपंथाची उघड टिंगल. २००८ साली माहिती व प्रसारण मंत्रालयाने शिनचॅनवर बंदी घातली. पुढच्या वर्षी तो कात्री लागून परत आला. त्या बंदीच्या काळात चौदा वर्षांच्या शास्त्रीला आयुष्याचा धडा मिळाला: नुसतं हसलास तर बंदी येते, कारण सांगितलंस तर चर्चा होते.

त्याचे वडील सव्वीस वर्षं डोंबिवली ते मस्जिद बंदर करत होते. ते म्हणायचे, “आमच्या वेळी असली थेरं नव्हती.” वास्तविक ‘पांडू हवालदार’ त्यांनी पौगंडावस्थेत थेटरात पाहिला होता, तोही एकदा नव्हे. पण विषय निघाला की ते गंभीर होत. “दादा कोंडके म्हणजे लोककला. द्व्यर्थी संवादांना परंपरा आहे.” शास्त्र कुठून आलं हे कळायला यापेक्षा जास्त संशोधन नको.

एका रविवारी शास्त्रीने वडिलांना शिनचॅनचा २०१४चा चित्रपट दाखवला. शिनचॅनचे वडील पाठीत उसण भरली म्हणून मसाजच्या पार्लरमध्ये जातात आणि यंत्रमानव होऊन बाहेर येतात. हे गृहस्थ कासुकाबे नावाच्या उपनगरात राहतात, गर्दीच्या गाडीने टोकियोला नोकरीला जातात, त्यांच्या मोज्यांच्या वासाने माणसं पळतात, आणि घराचं कर्ज बत्तीस वर्षांचं आहे. सिनेमा यंत्रमानवपटांची यथेच्छ टर उडवतो. शास्त्री दर पाच मिनिटांनी तो थांबवून संदर्भ सांगत होता. तासाभराने वडील म्हणाले, “अरे, मधे मधे बोलू नकोस. कर्ज किती वर्षांचं म्हणाला तो?”

“बत्तीस.”

“आमचं वीसचं होतं,” वडील म्हणाले, आणि पुढचा सगळा सिनेमा पोट धरून हसले. शास्त्री दुखावला. त्यांना एकही संदर्भ कळला नव्हता.

पण शास्त्रीची खरी कसोटी लागली पारसिकच्या बोगद्यात. फास्ट लोकल तेव्हा त्याच बोगद्यातून जायच्या. १९१६ साली खुला झालेला हा बोगदा सव्वा किलोमीटरहून लांब आहे. जुलैचा पाऊस, काचा खाली ओढलेल्या, भजनी मंडळ रंगात, आणि शास्त्रीला नशिबाने विंडो. दिवा मागे पडलं, गाडी बोगद्यात शिरली, आणि बाहेर काळोख झाल्याबरोबर खिडकीच्या काचेचा आरसा झाला. छातीशी धरलेला फोन काचेत लख्ख उमटला. पेंग्विनसेना आपापल्या शेपट्यांसह चाल करून येत होती.

टाळ थांबले. पखवाज एक ठोका जास्त वाजला आणि थांबला. समोरचे काका, मंडळाचे मुख्य गायक, काचेत वाकून पाहू लागले. शास्त्रीने फोन मांडीत दाबला. पण अख्ख्या चार जणांच्या सीटने जे पाहायचं ते पाहिलं होतं.

“विडंबन आहे, काका!”

“कशाचं?”

शास्त्री सुरू झाला. आजोबा, नातू, डोक्यातलं विमान, बत्तीस वर्षांच्या... नाही, ते दुसरं; गंडम, खेळणी, नैराश्य. काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग शेजाऱ्याला म्हणाले, “अरे, गवळण आहे ही. तमाशात नसते का? गण झाला की गवळण. साक्षात भगवंत वाट अडवतात, मावशी कंबर हलवत पुढे येते, पेंद्या नको ते बोलतो. देवाचीच गोष्ट, पण उलटी करून सांगायची. आणि देव माहीत नसेल त्याला हसू येत नाही.” शास्त्रीकडे वळून त्यांनी विचारलं, “मग बतावणी झाली, वग कुठाय? का नुसती गवळणच बारा भाग?”

वर्षानुवर्षं जमवलेलं शास्त्र काकांनी बोगदा संपायच्या आत हातावेगळं केलं होतं. शास्त्रीला उत्तर सुचलं नाही. गाडी ठाण्याला लागली, भजन पुढे सुरू झालं, आणि काकांनी खूण केली, “दाखव पुढचं. आवाज नको.”

आता शास्त्री ऐरोलीला आयटीत आहे. लग्न ठरताना मुलीच्या वडिलांनी आवड विचारली तेव्हा त्याने “मेका” (म्हणजे यंत्रमानवांच्या मालिका) असं सांगितलं होतं. ते खूश होऊन म्हणाले, “वा, आमचा पुतण्याही मेकॅनिकललाच आहे.” बायको ‘दाइमिदालर’चा पहिला भाग पाहून खो खो हसली. शास्त्रीने चित्र थांबवून तिला १९७२ पासून सांगायला घेतलं. १९७९पर्यंत येईतो ती झोपली.

या जमातीचा दोष चावटपणा नाही. चावटपणा त्यांच्यात औषधालाही नसतो. दोष हा, की हसण्याआधी ते परवानगीचा अर्ज भरतात आणि सोबत कागदपत्रं जोडतात. अर्ज कोणी मागितलेलाच नसतो. गवळणीला हसणाऱ्या आपल्या पणजोबांनी कधी दाखला दाखवला नाही, आणि देवाने त्यांना तुकोबांच्या अभंगातूनही उठवून लावलं नाही. तेव्हा लोकलमध्ये शेजारी असा कोणी फोन छातीशी धरून बसला असेल, तर त्याला “काय पाहतोस?” असं विचारू नका. डोकावून पाहा, हसू आलं तर हसून घ्या, आणि तो चष्मा वर सारायच्या आत पुढच्या स्टेशनला उतरा.