बोली लावा, शांत व्हा

जहाज सुटायला महिना-दीड महिना उरला की कंपनीची एक ईमेल येते. तोवरच्या सगळ्या ईमेल पैसे मागणाऱ्या असतात, ही मायेने चौकशी करणारी असते. तुम्ही घेतलेली बाल्कनीची केबिन छानच आहे, पण तुमच्यासारख्या माणसांनी याहून छान केबिनमध्ये राहायला नको का? वरच्या मजल्यावर, स्पाच्या शेजारी, काही खास खोल्या उरल्या आहेत. तुम्हाला झेपेल तो आकडा सांगा, आम्ही विचार करू.

अमेरिकेतल्या मराठी घरांत या ईमेलचा मोसम उन्हाळ्यात असतो. आईबाबा सहा महिन्यांसाठी आलेले असतात. नायगारा उरकलेला असतो, स्वातंत्र्यदेवीला प्रदक्षिणा झालेली असते, कॉस्कोच्या वाऱ्या चालू असतात. मग लेक-जावई अलास्काची क्रूझ ठरवतात. सात रात्री, सिअ‍ॅटल ते सिअ‍ॅटल. वाटेत जुनो, स्कॅग्वे, केचिकन, एखादी हिमनदी आणि परतताना कॅनडातलं व्हिक्टोरिया, तेही बहुधा संध्याकाळी उतरून रात्री परत चढायचं. व्हिक्टोरियाला थांबतात ते प्रवाशांच्या हौसेखातर नाही, 1886 सालच्या अमेरिकी कायद्याखातर. परदेशी ध्वजाच्या जहाजाने अमेरिकेत माणसं चढवून, दुसऱ्या देशाला न शिवता, त्यांना अमेरिकेतच फिरवून आणायचं नाही असा तो कायदा. अशा सफरीत स्पाची केबिन घ्यावी की नाही, यावर ओळखीतल्या एका घरी झालेल्या बैठकीचा सविस्तर वृत्तांत माझ्यापर्यंत पोचला आहे.

बाबा निवृत्त बँकवाले, म्हणजे व्याजाशिवाय पैसे हलू देत नाहीत. त्यांचा पहिला प्रश्न जावयाला:

“अहो, कार्पेट एरिया किती वाढतो?”

“तेवढाच राहतो, बाबा.”

“बाल्कनी?”

“तीच.”

“मग रेट कशाचा वाढवलाय?”

जावयाने यादी वाचली. आणि खरंच, ती यादी वाचताना जाहिरात लिहिणाऱ्याची दया येते. खोली तेवढीच, पलंग तोच, समुद्रही सगळ्यांचा एकच. फरक दाखवायचा कुठे? तर खोलीत सुगंध सोडणारं यंत्र. अंगावर बाजूंनीही फवारे मारणारा शॉवर. योगासनांची मॅट. जाड कापडाचे झगे. चहाच्या निरनिराळ्या पुड्या. आणि उश्यांचं मेन्यूकार्ड. होय, कार्ड बघून उशी मागवायची. मऊ, कडक, मानेला आधार देणारी. बाबा चाळीस वर्षं एकाच उशीवर घोरत आले आहेत. ती उशी आता उशी कमी आणि लादी जास्त आहे, आणि तिच्यावाचून त्यांना डुलकीही लागत नाही. कार्डात तो प्रकार नाही.

“यात मालिश येतं ना?” आईंनी विचारलं. त्यांचे गुडघे धरलेले असतात, त्यामुळे सगळ्या चर्चेत खरी गरज असलेली व्यक्ती तेवढी एकच.

नाही येत. स्पाची केबिन घेतली म्हणजे स्पा मिळतो असं नाही, स्पाचा शेजार मिळतो. मालिश, लेप, नखं, केस, सगळ्यांचे पैसे वेगळे, आणि त्यावर 18-20 टक्के बक्षिसी बिलातच छापून. फुकट मिळतो तो थर्मल सूट, म्हणजे वाफेच्या, कोरड्या उष्णतेच्या आणि सुगंधी पावसाच्या खोल्या आणि गरम लादीच्या आडव्या खुर्च्या. त्यांवर पडून समोरच्या काचेतून समुद्र बघायचा. चीज खरोखर चांगली आहे, मी खोटं कशाला बोलू? फक्त त्या खुर्च्या सकाळीच टॉवेल आणि पुस्तक टाकून अडवलेल्या असतात. एसटीच्या खिडकीतून आत रुमाल टाकणारा माणूस मराठीच असतो, हा माझा समज अशाच एका खोलीत दूर झाला.

शिवाय आत जाण्याआधी फॉर्म भरायचा असतो. रक्तदाब आहे का? हृदयविकार? मधुमेह? सध्या कोणती औषधं चालू आहेत? प्रामाणिकपणे भरला तर अलास्काच्या जहाजावरचे निम्मे प्रवासी दारातूनच परत फिरतील. क्रूझला जाण्याचं वय आणि सॉनामध्ये न जाण्याचं वय साधारण एकच.

जहाजावर घाम गाळण्याची हौस काही नवी नाही. 1912 च्या टायटॅनिकवर पहिल्या वर्गासाठी तुर्की स्नानगृह होतं. तिकीट चार शिलिंग. सकाळी बायकांची वेळ, दुपारनंतर पुरुषांची. तिकीट काढा, घाम गाळा, आपल्या खोलीत परत जा, व्यवहार मिटला. स्नानगृहाजवळ झोपण्याचेही पैसे लावता येतात, हे त्या काळच्या साहेबाच्या डोक्यात आलं नव्हतं. ती अक्कल यायला जवळपास शतक जावं लागलं. 2008 साली सेलिब्रिटी कंपनीने सॉल्स्टिस जहाजावर ‘अ‍ॅक्वाक्लास’ नावाचा वर्गच काढला, त्याच वर्षी कार्निव्हलच्या स्प्लेंडरवर ‘क्लाउड 9’ स्पाच्या केबिन आल्या, आणि मग सगळ्यांनाच प्रवाशांच्या तब्येतीची काळजी वाटू लागली.

टायटॅनिकचं ते स्नानगृह एफ डेकवर होतं, म्हणजे जहाजाच्या पोटात. यात एक शहाणपण होतं. जहाज डोलू लागलं की सर्वांत कमी हलतो तो मधला, खालचा भाग. सर्वांत जास्त हलतात ती दोन टोकं आणि वरचे मजले. कोकणच्या बोटीने मुंबईला आलेल्या पिढीला हे शिकवावं लागत नाही. बोट लागते म्हणजे काय, हे तिने आलेपाकाची वडी दाढेत धरून अनुभवलेलं आहे. आजचा स्पा मात्र बऱ्याच जहाजांवर वरच्या मजल्यांवर आणि पुढच्या टोकाला असतो, कारण देखावा तिथून चांगला. स्पाची केबिनही अर्थात त्याच्या आसपास. म्हणजे जास्त पैसे भरून माणूस जास्त हलणारी जागा विकत घेतो, आणि मग मळमळ शमवायला आल्याचा चहा मागवतो. तो मात्र वर्गात समाविष्ट आहे. त्यातून केबिन नेमकी तरणतलावाच्या डेकखाली आली, तर पहाटे डोक्यावर खुर्च्या ओढण्याचा कार्यक्रमही फुकट.

तरी त्या यादीत एक कलम वजनदार आहे. वेगळं भोजनगृह. काही कंपन्या या वर्गाला स्वतंत्र जागा देतात. सेलिब्रिटीच्या अशा जागेचं नाव ‘ब्लू’. रांग नाही, गलका कमी, जेवण हलकं. हजारो लोकांच्या बुफेत चौथ्यांदा ताट भरणारी माणसं इथून दिसत नाहीत. माझं मत विचाराल तर स्पा केबिनचे खरे पैसे याचेच असतात. जहाज आधी तुम्हाला गर्दी विकतं, मग त्या गर्दीपासून सुटका विकतं.

पण मराठी शाकाहारी कुटुंबाला ही सुटका महागात पडू शकते. मुख्य भोजनगृहात आदल्या दिवशी सांगून ठेवलं तर वरण, भात, भाजी ताटात येते. आणणारा वाढपी बरेचदा गोव्याचा किंवा मुंबईचाच निघतो आणि “आई, तिखट चालेल ना?” असं विचारतो. या आरोग्यशाळेत मात्र ताटाएवढ्या बशीच्या मध्यभागी तीन शतावरीचे देठ. बाबांनी त्यांचा फोटो पाहिला आणि विचारलं, “आणि जेवण?”

मालिश घ्यायला जाल तर आणखी एक गंमत. तो स्पा बहुतेक वेळा जहाजकंपनीचा नसतोच. जगातल्या बहुतेक मोठ्या क्रूझ कंपन्यांच्या जहाजांवर स्पा चालवते ती वनस्पावर्ल्ड नावाची एकच कंपनी, मुख्यालय बहामात, 2019 पासून अमेरिकेच्या नॅसडॅक बाजारात नोंदलेली. आधी हा धंदा स्टायनर कंपनीचा. त्याच स्टायनरकडच्या एलेमिस या क्रीम-लोशनच्या ब्रँडला मूळच्या फ्रेंच लॉक्सितानने 2019 मध्ये 90 कोटी डॉलर मोजले. शांततेत एवढा पैसा आहे. त्यामुळे मालिश संपलं, डोळे मिटत आले, अंग सैल पडलं, की नेमक्या त्याच क्षणी एक कागद पुढे येतो. त्यावर तुमच्या त्वचेचं निदान आणि चार बाटल्यांची नावं. आपण अशा अवस्थेत असतो की मृत्युपत्रावरही सही करू. त्या मुलीला दोष देण्यात अर्थ नाही. ती दिवसभर उभी आहे, घरापासून महिनोन् महिने लांब आहे आणि बाटल्या खपल्या तर तिचं कमिशन निघतं. खरं म्हणजे मालिशची गरज तिला आहे.

चढायच्या दिवशीच स्पाची सोडत असते. चिठ्ठीवर नाव आणि केबिन नंबर लिहायचा. बक्षीस एखाद-दुसऱ्याला लागतं, फोन सगळ्यांना येतो. मग मोफत व्याख्यानं. ‘जास्त खा आणि वजन घटवा’ या धर्तीच्या व्याख्यानाला बुफेतून थेट आलेली गर्दी मी पाहिली आहे. शेवटी समुद्रशेवाळाच्या लेपाची जाहिरात असते. लेपाआधी आणि लेपानंतर टेपने कंबर मोजून देतात. आमच्या शिंप्याच्या हातातही ही कला आहे, टेप जरा घट्ट धरायची.

आता बोलीकडे येऊ. बऱ्याच कंपन्यांसाठी ही यंत्रणा माँट्रियलची प्लसग्रेड कंपनी चालवते. पडद्यावर एक सरकपट्टी आणि एक काटा. रक्कम कमी ठेवली की काटा लाल भागात, वाढवत नेली की हिरव्यात. किती केबिन उरल्या आहेत ते काटा सांगत नाही. किती जण बोली लावून बसले आहेत तेही नाही. आमच्याकडे भिशीचा लिलाव व्हायचा तेव्हा समोरच्याचा चेहरा तरी दिसायचा, कोणाच्या घरी लग्न निघालंय ते माहीत असायचं आणि सोडलेला पैसा चार ओळखीच्या घरांतच फिरायचा. इथे समोर फक्त काटा, आणि तो कंपनीच्या पगारावर. आणखी एक बारीक अक्षरातली गोष्ट: आकडा माणशी असतो. केबिनमध्ये दोघं असतील तर दुप्पट. बोली मंजूर झाली की कार्डावरून पैसे गेले, माघार नाही. जावयाने रात्री अकराला काटा हिरव्यात नेला होता. बाबांनी शेजारी बसून तो परत लाल भागात आणला. जावई-सासऱ्यांत इतका शांत संघर्ष त्या घराने पूर्वी पाहिला नव्हता.

मग बाबांनी कागद घेतला. एक्सेल तयार होतं, पण त्यांचा विश्वास कागदावर. समजा फरक माणशी 350 डॉलर. दोघांचे 700, म्हणजे साठ हजार रुपयांच्या आसपास. थर्मल सूटचा आठवड्याचा पास वेगळा विकत मिळतो. तो समजा माणशी 200, दोघांचे 400. उरले 300 डॉलर. ते कसले? उश्यांचे आणि शतावरीचे. पुढचा प्रश्न, वापर किती होणार? जुनो, स्कॅग्वे, केचिकनला दिवसभर खाली उतरायचं. नाहीतर आलो कशाला? हिमनदीच्या दिवशी गरम लादीवर पडून राहणाऱ्याला घरी कोणी तोंड दाखवू देणार नाही. व्हिक्टोरियाच्या दिवशी दुपारपासून बॅगा भरायच्या. धड मोकळा असा समुद्रातला दिवस एकच उरला, आणि त्याही दिवशी दुपारी बाबांची पत्त्यांची बैठक.

“आणि मी पोहण्याच्या कपड्यांत परक्या माणसांसमोर वाफ घेणार नाही,” आई म्हणाल्या. “गुडघ्याला शेकायची पिशवी बरोबर आणलीये. रबराची. तिला पास लागत नाही.”

बैठक इथे संपली.

सरसकट नाही म्हणायचं मात्र कारण नाही. वसंतात आणि शरदात जहाजं अटलांटिक ओलांडून मोसमाचं बंदर बदलतात, तेव्हा आठवडाभर जमीन दिसत नाही. तिथे थर्मल सूट रोज वापरला जातो आणि शांत भोजनगृहाची किंमत चौथ्या दिवसापासून कळू लागते. दोघांनाही वाफेची खरोखर आवड असेल, रक्तदाब ताब्यात असेल आणि केबिन जहाजाच्या मध्याकडे मिळत असेल, तर घ्या, मजा करा. मुंबईहून गोवा-लक्षद्वीपला निघणाऱ्या दोन-पाच रात्रींच्या सफरीत मात्र हा विचारच नको. तिथे झोपायलाही वेळ मिळत नाही.

अलास्काला निघालेल्यांनी साधी बाल्कनी घ्यावी, शक्यतो मधली. पास हवाच असेल तर चढल्याबरोबर पहिल्या तासात स्पाच्या खिडकीवर जावं, कारण पास मोजके असतात आणि संपतात. आणि ईमेलमधला काटा फारच खुणावत असेल, तर आधी दोन पासांची किंमत विचारून घ्या आणि तिला दोनाने भागा. माणशी बोली त्या आकड्याच्या वर एक डॉलरही लावू नका, मग काटा कितीही लाल होवो.