घारापुरी आणि तृतीयांशाचा नियम

गेटवे ऑफ इंडियाच्या धक्क्यावरून लाँचने तासाभरात गाठता येणारी घारापुरी ही मराठी कुटुंबाच्या छायाचित्रणविषयक आचारधर्माच्या अभ्यासासाठी अत्यंत सोयीची भूमी होय. कारण फोटोग्राफीचा वर्ग नुकताच पुरा केलेला पुतण्या आणि जन्मभर फोटोत मधोमध उभी राहिलेली आत्या एकाच लाँचमध्ये सापडण्याचा योग तेथे दर रविवारी येतो. सोमवारी लेणी बंद असल्याने या शास्त्रार्थाला साप्ताहिक सुटी मिळते.

मतभेदाला धक्क्यावरच तोंड फुटते. 1924 साली पूर्ण झालेले गेटवे सुमारे 26 मीटर उंच असून ते घुमटापासून पायथ्यापर्यंत, नातेवाइकांच्या चपलांसह, एकाच चौकटीत मावले पाहिजे, हा आत्यापक्षाचा मूलभूत सिद्धान्त आहे. तो पाळण्यासाठी पुतण्याला इतके मागे सरकावे लागते की कमान येते, कबुतरेही येतात, पण काका कोणते आणि फुगेवाला कोणता हे ठरविण्यासाठी फोटो बोटांनी ताणून मोठा करावा लागतो.

लाँच सुटल्यावर पुतण्या तृतीयांशाच्या नियमाकडे वळतो. दोन उभ्या आणि दोन आडव्या रेषांनी चौकटीचे नऊ समान भाग पाडावेत आणि विषय मधोमध न ठेवता त्या रेषांवर किंवा त्यांच्या छेदनबिंदूंवर ठेवावा, असे हा नियम सांगतो. जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराने तो 1797 सालच्या आपल्या पुस्तकात निसर्गचित्रांच्या संदर्भात मांडला, म्हणजे कॅमेरा घरोघरी पोचण्याच्या कितीतरी आधीच तो सिद्ध होता. आत्याच्या घरी मात्र तो अद्याप पोचलेला नाही. पुतण्या तिला डाव्या रेषेवर बसवून समुद्राकडे बघायला सांगतो आणि उजवी बाजू मुद्दाम मोकळी ठेवतो, कारण माणूस ज्या दिशेला पाहतो तिकडे नजरेला वाव असावा असा संकेत आहे. हिवाळ्यात खाऊच्या आशेने लाँचमागे उडत येणारे कुरव त्या मोकळ्या जागेत उतरतील, अशी त्याची अपेक्षा असते. "अरे, एवढी जागा वाया कशाला घालवतोस, तिथे काका बसतील की!" असा आक्षेप येतो आणि कुरव येण्याआधी काकांचे कोपर येते. मोकळ्या जागेविषयीचा हा संशय लोकलच्या चौथ्या सीटइतका जुना असावा, असे मानण्यास जागा आहे.

बेटावर लेण्यांकडे चढणाऱ्या पायऱ्या आणि दोन्ही बाजूंची दुकाने यांमुळे मार्गदर्शक रेषा, म्हणजे नजरेला ओढत मुख्य विषयापर्यंत नेणाऱ्या रेषा, आयत्याच मिळतात; फक्त त्या रेषांच्या टोकाशी दम खात उभे असलेले काका पाठमोरे असतात. वाटेत हत्तीसोबत फोटो काढण्याची मागणीही होते, पण ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगिजांनी बेटाला एलिफंटा म्हटले तो आता भायखळ्याच्या राणीबागेत असल्याने माकडांवर समाधान मानावे लागते.

मुख्य लेण्यात उत्तरेकडून शिरल्यावर खांबांच्या रांगा दृष्टीला थेट दक्षिण भिंतीतील त्रिमूर्तीपर्यंत नेतात, आणि दोन खांबांमधून पाहिल्यास चौकटीत चौकट हे तंत्रही शिल्पकारांनी आधीच साधून ठेवल्याचे दिसते. पाच मीटरांहून उंच अशा या सदाशिवाची डावीकडे अघोर, मध्ये तत्पुरुष आणि उजवीकडे वामदेव अशी तीन मुखे असल्याने पुतण्याच्या मोबाइलवरील रेषा जणू त्यांच्यासाठीच आखलेल्या वाटतात. येथे मात्र आत्याला निर्णायक पुरावा सापडतो. "बघ, देवसुद्धा मधोमधच आहे!" असे म्हणून ती कठड्यापाशी मध्यभागी उभी राहते, आणि तिचे पाय कापले जाऊ नयेत म्हणून पुतण्या जवळच, पार जमिनीलगत बसतो. तेवढ्या खालून घेतलेल्या फोटोत तत्पुरुष पूर्ण झाकला जाऊन अघोर, आत्या आणि वामदेव अशी त्रिमूर्ती येते. चपला स्पष्ट दिसत असल्याने कुटुंबाच्या व्हॉट्सॲप समूहात ती एकमताने मंजूर होते.