मौनाचे प्रवक्ते

नामपल्लीच्या बाग-ए-आममध्ये पहाटे डोळे मिटून बसलेला आणि मिटल्या डोळ्यांनीच 'जरा हळू बोला' असं फिरायला आलेल्यांना बजावणारा माणूस दिसला, की ते आमचे काका समजावेत. आमचे म्हणजे कुणाचेही. हैदराबादेतल्या बहुतेक मराठी घरांत असे एक काका निघतातच.

या शहरात त्यांना वावही मोठा. कान्हा शांती वनमला लाखभर माणसं एकत्र ध्यानाला बसू शकतात. काकांना तिथं गर्दी वाटली. त्यांनी नागार्जुनसागर रस्त्यावरचं धम्मखेत्त गाठलं. गोएंका गुरुजींच्या विपश्यनेचं १९७६ सालचं केंद्र. १० दिवसांचं शिबिर, पहाटे ४ ची घंटा, आर्य मौन. पैसे पडत नाहीत, हे काका अगदी शेवटी सांगतात. म्हणजे पहिल्या पाच मिनिटांत. दहाव्या दिवशी तिथं मौन सुटतं. काकांचं जे सुटलं, ते अजून सुटलेलंच आहे.

आता ते भाजीवाल्याला श्वास शिकवतात. वरण करपलं की 'अनित्य आहे' म्हणतात. स्वतःचा इराणी चहा गार आला, की मात्र वेटरला हाक जाते ती थेट स्टेशनापर्यंत. लग्नात पंगतीला शेजारी बसले, तर तुमची जिलेबी नाकपुडीखालच्या संवेदनांसकट पोटात जाते.

खरी कसोटी जानेवारीत. काकांचं घर एक्झिबिशन ग्राउंडला लागून. १९३८ साली सुरू झालेली नुमाइश, म्हणजे इथलं मोठं प्रदर्शन, पूर्वी बाग-ए-आममध्येच भरायची; ती इकडे हलवणाऱ्यांना काकांनी अद्याप मंगल मैत्री दिलेली नाही. महिना-दीड महिना भोंगे, पाळणे, हरवलेल्या पोरांची नावं. "आवाज बाहेर असतो, त्रास आत असतो," हे तत्त्व काका त्या दिवसांत रोज सांगतात. खिडकीतून अर्धे बाहेर वाकून, खालच्या स्टॉलवाल्याला, ओरडून.

"हौ चच्चा," तो म्हणतो, "आप ध्यान करो, हम धंदा करते."

मला विचाराल तर दोघांत समाधी त्याचीच पक्की.

काकू यात कधी पडल्या नाहीत. परवा मात्र त्यांनी काकांचा पुढच्या शिबिराचा अर्ज परस्पर भरून टाकला. जुन्या साधकांना वीस, तीस, अगदी साठ दिवसांचीही शिबिरं असतात, असं त्यांना कुणीतरी सांगितलंय. त्याआधी १० दिवसांची बरीच करावी लागतात म्हटल्यावर त्या पोळी लाटता लाटता म्हणाल्या,

"करतील की! मी कुठं नको म्हणतेय?"