गाडी मागून बसलीय

गाडी मागून बसलीय हे मला पहिल्यांदा कळवलं ते समोरून येणाऱ्या अनोळखी लोकांनी. रात्री मी सभ्यपणे लो बीमवर चाललेला असायचो आणि समोरचा प्रत्येक जण मला डिपर मारायचा. दिल्लीत डिपरला शिंकेइतकाच अर्थ असतो, म्हणून तीनेक महिने मी मनावर घेतलं नाही. मग स्टिअरिंगच्या बाजूला एका चकतीचा शोध लागला. तिच्यावर ० ते ३ आकडे असतात आणि ती फिरवली की दिव्यांचा झोत खाली येतो. मी ती थेट ३ वर नेली. डिपर थांबले. आजार बरा झाला असं समजून मी खूश.

खरं म्हणजे मागच्या स्प्रिंगा दबून गाडीचं शेपूट खाली गेलं होतं आणि नाक वर. पण गाडी रोज केसाकेसानं बसते, आणि रोज बघणाऱ्याला ते दिसत नाही. उलट आम्हीच तिच्याशी जुळवून घेत गेलो. आम्ही पटपडगंजला राहतो. ११ सप्टेंबर १८०३ रोजी लॉर्ड लेकनं शिंद्यांच्या फौजेला हरवलं ते इथेच. आता त्या जागी सोसायट्या आहेत आणि सोसायटीगणिक गतिरोधक आहेत. सरकारी मानकातला गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो, म्हणजे जवळजवळ आरामखुर्चीसारखा पसरट. आमच्याकडचे मात्र पोळपाटावर लाटणं आडवं ठेवावं तसे. प्रत्येक लाटण्याआधी बायको वरचं हँडल धरून सीटवरून चार बोटं उचलली जायची. बोलता बोलता, वाक्य न तोडता. मी गाडी तिरकी घालायचो, आधी एक चाक, मग दुसरं. मागे आई ‘हं’ म्हणायची आणि उतरल्यावर ‘हुश्श’. हे सगळं आम्हाला गाडी चालवण्याचाच भाग वाटत होतं.

बिंग फुटलं ते साहित्यामुळे. फेब्रुवारी २०२५ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तालकटोरा स्टेडियमवर भरलं. आधीचं दिल्लीतलं संमेलन १९५४ सालचं, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी अध्यक्ष असलेलं. म्हणजे ७१ वर्षांनी आलेला योग. घरी पुण्याहून आत्या, काका आणि त्यांचे दोन स्नेही उतरले होते. त्यांनी ७१ वर्षांची खरेदी तीन दिवसांत केली. शेवटच्या रात्री गाडीत सहा माणसं आणि डिकीत पुस्तकांचे चार खोके. आमच्या गल्लीतल्या पहिल्याच लाटण्यावर मागून ‘ठक्क’ असा आवाज आला, लोखंडी, पोटातून आल्यासारखा. काका म्हणाले, “अरे, पुस्तकं वजनदार आहेत हो!”

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी बॉनेट उघडलं नाही, लॅपटॉप जोडला नाही. मागच्या कोपऱ्यावर दोन्ही हात टेकून जोरानं दाबलं आणि सोडून दिलं. गाडी वर आली, खाली गेली, वर आली, पुन्हा खाली. निरोगी गाडी एकदा वर येऊन गप्प बसते. आमची मान डोलावत राहिली. “पीछे से बैठ गई है सर. शॉकर तो गए ही, स्प्रिंग भी गई.” मग वाकून दाखवलं. शॉकरच्या नळकांड्यावर तेल ओघळून त्यावर धूळ बसली होती. ‘ठक्क’ आवाज होता तो ॲक्सल वर येऊन रबरी ठोकळ्यावर आपटल्याचा.

या शॉकर शब्दाचं मला फार कौतुक आहे. मूळ शब्द शॉक ॲब्झॉर्बर. दिल्लीनं त्यातला झेलणारा काढून टाकला आणि देणारा ठेवला. तशी मुळातच त्या नावात लबाडी आहे. गाडीचं वजन पेलते ती स्प्रिंग, खड्ड्याचा धक्का अंगावर घेते तीही स्प्रिंगच. पण तिला एक खोड असते, धक्का बसला की ती नाचतच राहते. शॉक ॲब्झॉर्बरचं काम एवढंच की आतलं तेल बारीक भोकांतून ढकलत त्या नाचाची ऊब करून टाकायची आणि तिला शांत करायचं. आमच्या घरात धक्के आई झेलते आणि तिला शांत मी करतो, श्रेय मात्र नावामुळे मला जातं.

“पर सर, दस साल होने वाले हैं. क्यों पैसा लगा रहे हो?” हे मिस्त्रींनी विचारलं आणि संध्याकाळी बायकोनंही. प्रश्न रास्त होता. डिझेल गाडीनं दिल्लीत दहा वर्षांवर जगू नये असं राष्ट्रीय हरित लवादानं एप्रिल २०१५ मध्येच सांगितलं होतं आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं त्यावर शिक्कामोर्तब केलं. मी गाडी घेतली २०१५ च्या दसऱ्याला, म्हणजे सगळं माहीत असून. तेव्हा दहा वर्षं म्हणजे अनंतकाळ वाटला होता. दोनच महिन्यांनी सुप्रीम कोर्टानं २००० सीसी आणि त्याहून मोठ्या डिझेल गाड्यांची दिल्लीतली नोंदणीच काही काळ थांबवली, तेव्हा आपण वेळेत घेतली म्हणून पेढेही वाटले होते. आता जेमतेम आठ महिने उरले होते. बायको म्हणाली, “अहो, एवढ्यासाठी नव्या स्प्रिंगा?” मी म्हटलं, “आत्या दिवाळीला परत येणार आहे, राहिलेली पुस्तकं घ्यायला.” त्यावर ती काही बोलली नाही.

पार्ट तुम्ही आणा, मजुरी माझी, असं ठरलं. मग मेट्रोनं कश्मीरी गेट. १८५७ च्या सप्टेंबरमध्ये इंग्रजांनी सुरुंगानं उडवलेला तो दरवाजा अजून अंगावर तोफगोळ्यांच्या खुणा घेऊन उभा आहे आणि त्याच्या आसपास देशातल्या बहुतेक गाड्यांचे अवयव विकायला ठेवलेत. दुकानदारानं गाडीचं नाव आणि साल विचारलं, मग माझ्याकडे डॉक्टर बघतात तसं बघितलं. “गॅस पे है क्या, सिलेंडर लगा है?” म्हणजे डिकीत सीएनजीची टाकी आहे का. दिल्लीत मागच्या स्प्रिंगा अकाली बसण्याचं ते एक ठरलेलं कारण, टाकीचं वजन बारा महिने तिथेच. मी म्हटलं, नाही, मराठी साहित्य. त्यानं ते कुठल्यातरी किटचं नाव असावं अशी मान हलवली. दोन स्प्रिंगा, दोन शॉकर, रबरी बुश. एका बाजूचंच घेतलं तर नाही का चालणार, हा माझा मध्यमवर्गीय प्रश्न त्यानं हातानंच उडवला. हे जोडीनंच बदलतात. एकटी नवी घातली तर गाडी कायम एका खांद्यानं चालते.

येताना रिक्षा केली. दोन्ही नव्या स्प्रिंगा मांडीवर आणि खाली रिक्षा प्रत्येक खड्डा मोजून घेतेय. दिल्लीतलं सगळ्यात उत्तम सस्पेन्शन माझ्या मांडीवर होतं आणि त्याचा मला काडीचा उपयोग नव्हता.

मिस्त्रींनी आधी डिकी रिकामी करायला लावली. फुटपाथवर मांडामांड झाली: दोन विटा (चढावर चाकाला लावायला), घडीच्या खुर्च्या, वीस लिटरची पाण्याची बाटली, गणपतीच्या मखराचा सांगाडा आणि वाचनालयाला द्यायचे म्हणून बांधून ठेवलेले अकरा वर्षांचे दिवाळी अंक. त्या गठ्ठ्याकडे आणि माझ्याकडे मिस्त्रींनी आळीपाळीनं पाहिलं. पुढे काही विचारलं नाही.

मागची बाजू जॅकवर घेऊन स्टँडवर ठेवली. शॉकरचा खालचा नट गंजून बोल्टशी एकजीव झाला होता. फवारा मारला, दहा मिनिटं चहा, मग पान्याच्या दांड्यात पाइप घालून मिस्त्री आणि त्यांचा पोऱ्या दोघं लटकले. नट ‘कर्रर्’ करून सुटला. दोन्हीकडचे शॉकर सुटल्यावर ॲक्सल खाली लोंबला आणि स्प्रिंग चक्क हातानं निघाली. जुनी आणि नवी शेजारी उभ्या केल्या. जुनी दीड बोट बुटकी. तिचे वेढे एकमेकांवर आपटून आपटून जिथे रंग उडाला होता तिथे ते चांदीसारखे चकाकत होते, हाताला गुळगुळीत. जुन्या शॉकरचा दांडा आत दाबला तर तो आतच राहिला. नव्याला पट्टी बांधलेली होती. ती कापली तसा त्याचा दांडा आपणहून, घाई न करता बाहेर आला, दुपारच्या झोपेतून उठून कुणी अंग ताणावं तसा. पोऱ्यानं ते मला पुन्हा एकदा करून दाखवलं. मी तिसऱ्यांदा मागितलं.

नट शेवटचे आवळले ते मात्र गाडी जमिनीवर टेकवूनच. हवेत लटकलेल्या गाडीचे बुश आवळले तर खाली उतरताच त्यांना पीळ पडतो आणि वर्षभरात ते फाटतात. बिल हातात आलं: ‘शॉ २, स्प्र २, बु ४, म.’ सतराव्या शतकात रॉबर्ट हूकनं स्प्रिंगचा नियम शोधला (जेवढा ताण, तेवढा जोर), पण कुणी चोरू नये म्हणून १६७६ मध्ये तो आधी नुसत्या अक्षरांच्या कोड्यात छापला आणि उत्तर दोन वर्षांनी सांगितलं. मिस्त्रींनी ‘म’ म्हणजे मजुरी हे लगेच सांगितलं, आकडाही.

चकती ३ वरून पुन्हा ० वर आणली. घरी येताना पहिलं लाटणं आलं. बायको हँडल धरून चार बोटं वर उचलली गेली, मी गाडी तिरकी घातली, मागे आईनं ‘हं’ म्हटलं. खालून काहीच आलं नाही. तिघंही हवेत अवघडून राहिलो आणि मग सावकाश खाली बसलो. पुढच्या लाटण्याला तेच. आता ऑक्टोबरही उलटला. १२ ऑगस्ट २०२५ ला सुप्रीम कोर्टानं नुसत्या वयावरून दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर तूर्त सक्तीची कारवाई नको म्हटलं आणि आमची दहा पूर्ण झालेली गाडी अजून दारात आहे. बायको अजून उचलली जाते.

आईचं गाऱ्हाणं मात्र वेगळंच. गाडी मागून दीड बोट वर गेली आणि तिचा गुडघा तिथवर जाईना. पहिल्या दिवशी तिनं पायरीवर पाऊल ठेवलं, काढलं, पुन्हा ठेवलं आणि म्हणाली, “अरे, बसलेली होती तीच बरी होती की.” म्हणून आता डिकीत देवघरातला जुना पाट असतो. ती आली की मी तो दाराखाली मांडतो, ती एका हातानं माझा खांदा धरून चढते आणि मी पाट उचलून परत मागे, दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यावर ठेवतो.